सुप्याच्या पागेतले तीनशे घोडे

बारामती तालुक्यातलं सुपे हे गाव इतिहासाच्या पुस्तकात दोनदा ठळकपणे येतं. दुसऱ्यांदा येतं ते १८७५ च्या मे महिन्यात. सावकारांविरुद्धच्या दख्खनच्या दंग्याची पहिली ठिणगी सुप्याच्या बाजारात पडली. तो प्रसंग बऱ्याच जणांना माहीत असतो. त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी, १६५६ च्या सुमाराला, हेच गाव आणखी एका गोष्टीत येतं. ती सांगणारा आहे कृष्णाजी अनंत सभासद.

सभासद ती गोष्ट चार-पाच वाक्यांत संपवतो. शहाजीराजे तेव्हा कर्नाटकात होते. सुपे महाल त्यांच्या जहागिरीत, आणि तो सांभाळायला संभाजी मोहिते. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई यांचे हे भाऊ, म्हणजे शिवाजीराजांचे सावत्र मामा. राजे शिमग्याचं पोस्त मागायला म्हणून मामांकडे गेले आणि मामांना कैद केलं. पागेचे तीनशे घोडे, पैसाअडका, चीजवस्तू सगळं ताब्यात घेतलं. सुपे हाती आलं. पुढं मामांना कर्नाटकात शहाजीराजांकडे पाठवून दिलं, असं सांगतात.

शाळेच्या पुस्तकात आपण इथून झपाट्यानं पुढं जातो. सुपे घेतलं, मग अफजलखान. माझं मन मात्र त्या तीनशे घोड्यांपाशी अडतं. हे घोडे काही शत्रूच्या छावणीतून लुटून आणलेले नव्हते. बापाची जहागीर, मामाची पागा, आणि नेणारा भाचा. संध्याकाळी मामाच्या नावानं चंदी खाणारं जनावर सकाळी भाच्याच्या नावानं चंदी खाऊ लागलं. घोड्याला कुणी विचारत नाही. पण त्याच्यावर बसणाऱ्याचं काय? त्याला कुणी विचारलं का, की बाबा रे, तू आता कुणाचा?

या प्रश्नाचं उत्तर सुप्यात मिळत नाही. त्यासाठी पन्नास वर्षं मागं आणि पूर्वेकडे, बारामती ओलांडून इंदापूरला जावं लागतं.

आमचा हा मुलूख दोन नद्यांच्या मधला. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोघी भेटतात त्या इंदापूर तालुक्यातल्या नरसिंहपुराला. आज इथं ऊस दिसतो, द्राक्षं-डाळिंबं दिसतात, उजनीचं पाणी दिसतं. पण नीरेचा डावा कालवा झाला १८८५ साली आणि उजनीचं धरण पुरं झालं १९८० साली. त्याआधी हा सगळा ज्वारी-बाजरीचा, माळरानाचा, मेंढरांचा आणि घोड्यांचा प्रदेश. पाऊस बेताचा, पण माळावरचं गवत कसदार आणि ज्वारीचा कडबा भरपूर. घोड्याला याहून जास्त काय लागतं?

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा मुलूख म्हणजे सरहद्द होती. वरच्या अंगाला अहमदनगरची निजामशाही, खालच्या अंगाला विजापूरची आदिलशाही, आणि उत्तरेकडून मोगल सरकत येत होते. सरहद्द आपण नकाशावर रेघ म्हणून बघतो. सरहद्दीवर राहणाऱ्या माणसाला ती स्वतःच्या सोयरिकीत दिसते. वेरूळचे मालोजी भोसले निजामशाहीचे सरदार, आणि त्यांची सासुरवाडी नीरेपलीकडे फलटणला, निंबाळकरांकडे. ते निंबाळकर विजापूरचे. हे अपवादानं घडत नव्हतं. लग्नाच्या वरातीला जे एकत्र यायचे, ते पावसाळा सरला की दोन वेगवेगळ्या निशाणांखाली उभे राहायचे.

त्यात १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. चांदबिबी त्याआधी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली होती. राजधानी गेली तरी राज्य मात्र संपलं नाही. दोन माणसांनी ते दोन टोकांना धरून ठेवलं. एक मलिक अंबर. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजारा-बाजारातून दख्खनला पोहोचलेला आणि इथं स्वतःच्या अकलेवर वर आलेला. दुसरा मियाँ राजू दख्खनी, याच मातीतला. अंबरनं परांड्याला एका शाहजाद्याला गादीवर बसवलं, तोच दुसरा मुर्तजा निजामशाह. राजूनं दौलताबादच्या बाजूचा मुलूख बळकावला. दारात मोगल उभे, आणि घरात हे दोघे एकमेकांवर घोडी घालताहेत. सहा-सात वर्षं हे चाललं. १६०७ साली अंबरनं राजूला पकडलं तेव्हा ते थांबलं. पुस्तकांत याला दोन सरदारांची स्पर्धा म्हणतात. मला मात्र यादवी हाच शब्द खरा वाटतो, कारण दोन्हीकडचे स्वार एकाच राज्याचे, पुष्कळदा एकाच परगण्यातले होते.

या धामधुमीत मालोजीराजे आणि त्यांचे भाऊ विठोजीराजे पुढं आले. पुणे आणि सुपे हे परगणे भोसल्यांकडे आले ते याच काळात. आणि इंदापूरच्या लढाईत, विजापूरकरांशी लढताना, मालोजीराजे पडले. साल १६०५-०६ च्या आसपास धरतात, काही अभ्यासक ते बरंच पुढं नेतात. परमानंदाच्या शिवभारतात इंदापूरचा हा उल्लेख आहे. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे आणि तिच्या जवळच चाँदशाहवलींचा दर्गा आहे. मालोजीराजांना मुलं झाली ती नगरच्या शाह शरीफ या अवलियाला केलेल्या नवसानं, आणि म्हणून एकाचं नाव शहाजी ठेवलं, दुसऱ्याचं शरीफजी, ही परंपरा तर आपण सगळेच ऐकत आलो आहोत. त्या शरीफजींची गाठ पुढं पडणार आहे.

आता थोडं घोडदळाबद्दल बोलतो. मी कवी माणूस, मला तलवारीपेक्षा शब्दांतलं जास्त कळतं. दख्खनच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते, शिलेदार आणि बारगीर. दोन्ही शब्द फारसीतले. सिलाह म्हणजे हत्यार. ज्याचं घोडं स्वतःचं आणि हत्यारही स्वतःचं, तो शिलेदार. आणि बारगीर म्हणजे ओझं उचलणारा. मुळात हा शब्द जनावरासाठी. पुढं तो माणसाला चिकटला. ज्याच्याकडे स्वतःचं घोडं नाही, जो दुसऱ्यानं दिलेल्या घोड्यावर बसतो, तो बारगीर. भाषेचा हा खोडकरपणा बघा, घोड्याचं नाव स्वाराला मिळालं. पागा, लगाम, नालबंद, चाबूक, खोगीर, तोबरा, सरनौबत, हवालदार, जुमला... तबेल्यात एक फेरी मारली तर निम्मे शब्द फारसीतून नाहीतर अरबीतून आलेले सापडतील. आणि ते उच्चारणारी माणसं पाटलांची, धनगरांची, रामोशांची, हबशांची, दख्खनी मुसलमानांची होती. मराठी त्यांना एकमेकांशी बोलायला पुरत होती.

हा शिलेदार-बारगीर फरक नुसता शब्दांचा नाही, सगळं राजकारण त्यात आहे. शिलेदाराचं घोडं लढाईत मेलं तर त्याची सगळी पुंजी गेली. काल शिलेदार होता तो आज बारगीर झाला. म्हणून तो घोडं जपून लढतो, आणि आपलं घोडं जिथं सांभाळलं जाईल तिथं जातो. दहा-वीस-पन्नास घोडी बाळगणारा लहानसा शिलेदार आपल्या सरदाराच्या मागं जातो. सरदारानं बाजू बदलली की पथकच्या पथक बाजू बदलतं. सुलतानाचं तोंड त्यानं कधी बघितलेलंही नसतं. याला आपण आज फितुरी म्हणून मोकळे होतो. मला तसं करवत नाही. दुष्काळी मुलखातल्या माणसानं आपल्या एकुलत्या एक घोड्याचा विचार करू नये, अशी अपेक्षा धरायला आपलं पोट भरलेलं असावं लागतं.

मलिक अंबरनं ही माणसं ओळखली. अवजड सरंजाम घेऊन येणाऱ्या मोगल फौजेपुढं उभं राहून लढायचं नाही, तिला दऱ्याखोऱ्यांत ओढायचं, रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, हे काम हलक्या घोड्यावरच्या या स्वारांनी केलं. त्यांना मोगल ‘बर्गी’ म्हणायचे. जहांगीर बादशहानं आपल्या आत्मचरित्रात या बर्ग्यांचा उल्लेख केला आहे, तोही वैतागून. अंबरविरुद्ध दक्षिणेत बराच काळ लढत राहिलेला मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान. होय, तोच रहीम, ज्याचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात पाठ केले. एवढा नाजूक कवी, आणि १६१० साली अंबरनं नगर त्याच्या हातून परत घेतलं.

आता १६२४ सालाकडे येतो. नगरजवळ भातवडी नावाचं गाव आहे. एका बाजूला मलिक अंबर, दुसऱ्या बाजूला मोगल आणि विजापूरकर एकत्र. अंबरनं मेहकरी नदीच्या तलावाचं पाणी फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि थकल्या-भागल्या फौजेवर घाला घातला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. अंबर जिंकला. या लढाईत शहाजीराजे अंबराच्या बाजूनं लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. आणि समोर, मोगलांच्या बाजूनं, सिंदखेडचे लखुजी जाधवराव होते. जिजाबाईंचे वडील. म्हणजे जावई एकीकडे आणि सासरे दुसरीकडे. या दोन घरांत आधीच रक्त सांडलेलं होतं. दरबारातून बाहेर पडताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्यावरून जाधव आणि भोसले यांच्यात तलवारी निघाल्या. जाधवांचे दत्ताजी आणि भोसल्यांचे संभाजी, विठोजीराजांचे पुत्र, दोघेही त्यात मारले गेले, असं सांगतात.

जिजाबाईंचा विचार करा. मेलेल्यांत एक माहेरचा आहे, एक सासरचा. कुणाचं सुतक धरायचं?

पुढची बारा वर्षं मी भरभर सांगतो, कारण तेव्हाच्या माणसांनाही ती धापा टाकतच काढावी लागली. १६२६ साली अंबर वारला. १६२९ च्या जुलैमध्ये लखुजी जाधवांना मुलं आणि नातवासह दौलताबादेत, भर दरबारात, कापून काढलं. ज्या निजामशाहाला त्यांनी मुजरा केला त्याच्याच हुकमानं. शहाजीराजे त्यानंतर पुणे-सुप्याकडे आले. विजापूरच्या मुरार जगदेवानं पुणं जाळलं, गाढवांचा नांगर फिरवला आणि पहार रोवली. लागोपाठ दोन पावसाळे फसले. १६३० ते ३२ चा तो दुष्काळ दख्खनच्या आठवणीतून अजून पुरता गेलेला नाही. माणसांना दाणा मिळेना तिथं घोड्याला चंदी कुठली? शहाजीराजे मोगलांकडे गेले, तिथून निघाले, १६३३ साली पेमगिरीवर निजामशाही वंशातल्या एका मुलाला मांडीवर घेऊन राज्य चालवू लागले, आणि १६३६ साली माहुलीला शरण जाऊन विजापूरच्या चाकरीत आले. पुणे जहागीर त्यांच्याकडे राहिली. ते गेले कर्नाटकात.

आता सुप्याचा एक स्वार डोळ्यांपुढं आणा. भातवडीला तो वीस वर्षांचा होता. बत्तिसाव्या वर्षापर्यंत तो निजामशाहीचा, आदिलशाहीचा, मोगलांचा, पुन्हा निजामशाहीचा आणि पुन्हा आदिलशाहीचा झाला. आणि या सगळ्यात त्यानं आपला सरदार एकदाही सोडला नाही. आपल्या हिशेबी तो पुरा इमानी माणूस होता.

मला कधी कधी विचारतात, अगदी प्रेमानं विचारतात, की तुमचे पूर्वज त्या काळात कोणत्या बाजूनं लढले? विचारणाऱ्याच्या मनात बाजू दोनच असतात, आणि त्या धर्माच्या असतात. इंदापूर-बारामतीच्या माणसाला हा प्रश्न विचारताना पहिल्यांदा साल विचारायला हवं, मग परगणा, आणि मग घोडं कुणाचं होतं ते. अंबराच्या फौजेत भोसले होते, मोगलांच्या फौजेत जाधव होते. शिवाजीराजांच्या पायदळाचा सुरुवातीचा सरनौबत नूरखान बेग होता, आणि १६६० साली सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा मोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल गेला होता. वेढा घालणारा सिद्दी, वेढा फोडायला जाणाराही सिद्दी. त्या झुंजीत हिलालचा मुलगा वाहवाह जखमी होऊन विजापूरकरांच्या हाती लागला. आमच्या घरी वंशावळीची पोथी नाही. असती तरी तिच्यातून एक बाजू निघाली नसती.

तर १६५६ साली भाच्यानं मामाची पागा नेली. पण नेऊन केलं काय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शिवाजीराजांनी शिलेदार ठेवले, ते टाळता येण्यासारखे नव्हते. पण जोर दिला तो पागेवर, म्हणजे सरकारी घोड्यांवर आणि त्यावर बसणाऱ्या बारगिरांवर. सभासदानं ती मांडणी दिली आहे. पंचवीस बारगिरांमागं एक हवालदार. पाच हवालदारांचा एक जुमला. दहा जुमल्यांचा एक हजारी, म्हणजे प्रत्यक्षात साडेबाराशे घोडं. दर पंचवीस घोड्यांना एक पखालजी आणि एक नालबंद. सुप्याच्या तीनशे घोड्यांना हाच हिशेब लावला तर पंचवीसच्या बारा तुकड्या होतात, त्यांना पाणी घालायला बारा पखालजी आणि नाल ठोकायला बारा नालबंद. घोडं मेलं तर सरकारचं मेलं, बारगिराची भाकरी जात नाही. आणि घोडं सरकारचं असल्यामुळं कुणी सरदार रुसला, फुटला, तर त्याला फार तर स्वतःचे पाय घेऊन जाता येतं, पागा घेऊन जाता येत नाही. ज्या मुलानं आजोळ आणि घर यांच्यातली यादवी आईच्या तोंडून ऐकली होती, त्यानं हा बंदोबस्त करावा यात मला नवल वाटत नाही.

या पागेची काळजी किती बारकाईनं घेतली जायची, त्याचा कागद आहे. राज्याभिषेकाच्या थोडं आधी चिपळूणजवळ हलवर्णला पागेची छावणी होती. तिथल्या जुमलेदार-हवालदारांना आलेलं पत्र पुष्कळांच्या वाचनात असेल. दाणागवत आत्ताच उधळलंत तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, आणि रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे. रात्री गंजीजवळ दिवा ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि गवताला आग लागते. या अर्थाचा मजकूर आहे. उंदराचा विचार करणारा राजा. मी स्वतः मराठी गद्याचे नमुने शोधतो तेव्हा पुन्हा पुन्हा या पत्राकडे जातो.

आणि ही घोडी होती कशी? उंचीला बेताची, पायांत काटक, थोड्या दाण्यावर लांबची मजल मारणारी. भीमेच्या थडीवरची म्हणून भीमथडी. आपल्या राज्यगीतात ज्यांचा उल्लेख येतो तीच ही तट्टं. पूर्वी भीमथडी नावाचा तालुकाच होता, बारामती आणि दौंड त्यात यायचे. ही घोडी संपली असं बरेच दिवस मानलं जात होतं. ती संपलेली नव्हती, धनगरांच्या वाड्यावर होती. मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या वाड्याबरोबर पाठीवर संसार, त्यावर एखादं कोंबडं आणि दोन कोकरं घेऊन चाललेलं घोडं तुम्ही घाटात पाहिलं असेल. २०२३-२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. बारगीर शब्दाचा मूळ अर्थ, ओझं उचलणारा, तो धनगरांच्या घोड्यानं अजून राखला आहे.

मोहिते मामांचं घराणं या गोष्टीतून बाहेर गेलं नाही. त्यांची कन्या सोयराबाई शिवाजीराजांच्या राणीसाहेब झाल्या. त्यांचे पुत्र हंसाजी, म्हणजे हंबीरराव, १६७४ साली सगळ्या घोडदळाचे सरनौबत झाले. ज्यांच्या बापाचे तीनशे घोडे नेले, त्यांच्याच हाती राज्याचं सगळं घोडदळ आलं.

मग १६८० च्या एप्रिलमध्ये महाराज गेले. रायगडावर कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. राजाराम सोयराबाईंचे पुत्र, म्हणजे हंबीररावांचे सख्खे भाचे. थोरले संभाजीराजे पन्हाळ्यावर. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत त्यांना धरायला निघाले. घोडदळ कऱ्हाडच्या बाजूला होतं. हंबीरराव ज्या बाजूला जातील ती बाजू जिंकणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. बहीण एकीकडे, भाचा तिच्याबरोबर, आणि दुसरीकडे सवतीचा मुलगा. घराण्याची जुनी रीत धरली असती तर हंबीरराव रायगडाकडे गेले असते. त्यांनी कारभाऱ्यांनाच कैद केलं आणि पन्हाळ्याला संभाजीराजांपुढं नेऊन उभं केलं. दोन भावांत फौजा भिडल्या नाहीत. भातवडी पुन्हा झाली नाही. पुढं सात वर्षांनी, १६८७ च्या डिसेंबरात, वाईजवळच्या लढाईत हंबीरराव पडले.

सभासदानं बखर लिहिली ती १६९० च्या दशकात, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. सुप्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. महाराष्ट्र मोगलांनी व्यापलेला, आणि संताजी-धनाजींची घोडी इकडून तिकडे धावत होती. ज्यांना तो हे सगळं लिहून देत होता, ते राजाराम महाराज सोयराबाईंचे चिरंजीव, मोहिते मामांच्या लेकीचे चिरंजीव. म्हणजे आजोबांची कैद नातवालाच वाचून दाखवायची होती. सभासदाला ते प्रकरण गाळता आलं असतं. त्यानं गाळलं नाही, आणि घोड्यांचा आकडाही तसाच ठेवला.